हिरव्या खुणेची वाट

आमच्या लहानपणी दर रविवारी बाबा आम्हाला कामावर घेऊन जायचे आणि आम्हाला वाटायचं, आपण सहलीला चाललोय.

बाबा वनखात्यात पायवाटा बघायचे. गावाबाहेर कातळाचा मोठा उघडा पट्टा होता आणि त्याच्या खळग्याखळग्यांत लहानमोठी तळी होती. तिथे वाटा आखायच्या, दगडांवर रंगाची खूण मारायची आणि सुरुवातीच्या फलकावर ती वाट कुणासाठी आहे ते लिहायचं, हे त्यांचं काम. हिरवी खूण म्हणजे सोपी, बायकापोरांना घेऊन जावं अशी. पिवळी म्हणजे जरा जपून. आणि लाल म्हणजे ज्यांची घरी कुणाला गरज नाही त्यांच्यासाठी, असं बाबा म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

चढ किती, अंतर किती, असे खात्याचे नियम होते. बाबांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "कागदावर सगळेच सरळ चालतात," म्हणायचे. त्यांची पद्धत वेगळी होती. नव्या वाटेवर घरच्यांना चालवायचं आणि तक्रारी ऐकायच्या. त्यातही माझ्या आणि दादाच्या तक्रारींना किंमत शून्य, कारण दादाला फाटकापाशीच भूक लागायची आणि मला त्याच्या आधी. आईचं मात्र एक वाक्य पुरायचं. तिने नुसतं "अहो, हे जरा अवघडच आहे" म्हटलं की वाट पिवळी. आणि पिवळी झाली की ती बाबांच्या हातातून जायची. पिवळ्या-लाल वाटा बघायला दांडग्या जवानांची वेगळी टोळी होती.

तीन तळ्यांची वाट ही बाबांची सगळ्यात लाडकी. एकदा हिरवी ठरली म्हणून ती सुटली नाही. पाण्याने दगड हलतात, खुणा पुसतात, असं म्हणून ते आम्हाला पुन्हा पुन्हा तिथेच न्यायचे. मी आज पन्नाशीला आलेय, तरी पावलांना तो कातळ पाठ आहे. पहिल्या तळ्यापर्यंत सपाट, मग झुडपांतून वळसा, दुसरं तळं, आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे उतरणारा एक गुळगुळीत तिरका खडक. त्याला आम्ही घसरगुंडी म्हणायचो. बाबा हातात रंगाचा डबा घेऊन पुढे, दादा त्यांच्या मागे उड्या मारत, मग मी, आणि सगळ्यात शेवटी खांद्यावर पिशवी घेतलेली आई. ती तो खडक बसून उतरायची, दोन्ही हात टेकवत, एकेक वीत पुढे सरकत. आम्ही खाली उभे राहून पोट धरून हसायचो. तीही हसायची.

तिसऱ्या तळ्याशी उकडलेली अंडी आणि पुडीतलं मीठ. दादा पाण्यावर चपटे दगड फेकायचा आणि बाबा बोलायचे. हे मुद्दाम सांगते, कारण घरात हा माणूस तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा असायचा. सोमवार ते शनिवार "जेवण झालं?" आणि "दिवा बंद करा" एवढीच त्यांची भाषा. कातळावर पाय पडला की त्यांना वाचा फुटायची. ढग, दगड, त्यांच्या साहेबाचं टक्कल, स्वतःचं लहानपण, काय वाट्टेल ते. आई चप्पल काढून पाण्यात पाय सोडून बसायची आणि ऐकायची. त्या दुपारी आठवल्या की अजून मला रडू येतं. लाजायचं काय त्यात? माणूस जिथे सुखी होता तिथलंच रडू येतं.

गेल्या महिन्यात बाबांना खात्यातून फोन आला. तीन तळ्यांच्या वाटेवर माणसं घसरायला लागली होती. कुणाचा हात मोडला, कुणाचा गुडघा, आणि सगळे विचारत होते की या वाटेला सोपी म्हणणारा शहाणा कोण. वाट पिवळी करायचं घाटत होतं. पण तिथली नवी अधिकारी मोठी गुणी मुलगी. म्हणाली, "काका, खूण तुम्ही मारलीय. तुम्हाला विचारल्याशिवाय मी रंग बदलणार नाही. एकदा येऊन बघा, मग ठरवू."

बाबांचं वय ऐंशीच्या घरात. गेल्या वर्षापासून काठी आहे. पण त्या फोननंतर घरात त्यांना कुणी आवरू शकेना. माळ्यावरचे बूट खाली आले. जेवताना एकच विषय. "आजकालची माणसं मोबाईलमध्ये बघत चालतात आणि नाव दगडाला. नाचता येईना अंगण वाकडं." आयुष्यभरात त्यांनी शेकड्यांनी खुणा मारल्या असतील, पण ही वाट पिवळी झाली तर आपलं सगळंच खोटं ठरेल, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. मला म्हणाले, "मी मेल्यावर करा काय करायचं ते. माझ्यादेखत नको."

मग एका सकाळी मी दोघांना गाडीत घातलं. आईची यायची फारशी इच्छा दिसली नाही, पण बाबा म्हणाले, "तू तर हवीसच. साक्षीदार आहेस."

अधिकारी मुलगी फाटकापाशी उभीच होती. आम्ही चौघं निघालो. पहिल्या तळ्यापर्यंत बाबा काठी जवळपास हवेतच धरून चालले. पाणी होतं तसंच होतं, निवांत, आणि काठाला एक कुटुंब बसलं होतं. त्यांचा लहान मुलगा चालून चालून कंटाळलो म्हणून भोकाड पसरत होता. "ऐका," बाबा खूष होऊन म्हणाले, "याला म्हणतात हिरवी वाट. पोर रडतंय, आई निवांत आहे."

दुसऱ्या तळ्यानंतर तो खडक आला. मी वरून खाली बघितलं. घसरगुंडी कसली, चांगली दोन माणसांच्या उंचीची उतरण होती. मधोमध पाणी झिरपत होतं आणि एका बाजूला सरळ तळं. लहानपणी मी हे बघितलंच नव्हतं. मी फक्त खाली पोचलेली असायचे.

"लोक इथेच घसरतात," मुलगी हळूच म्हणाली. "काका, तुम्हीच सांगा."

"मी कशाला सांगू?" बाबा म्हणाले. "हिला विचारा. इतकी वर्षं ही इथून उतरली, खांद्यावर पिशवी, पायात साधी चप्पल. एका शब्दाने कधी तक्रार केली नाही. सांग गं यांना."

आई खडकाच्या टोकापासून चार पावलं मागे उभी होती. पदराचं टोक तिने मुठीत धरलं होतं.

"मी आज उतरणार नाही," ती म्हणाली.

"उतरू नकोस. नुसतं सांग."

"तेच सांगतेय. मला इथे भीती वाटायची."

"कधी?"

"दर रविवारी. शनिवारी रात्री झोप लागायची नाही मला."

बाबा हसले, चेष्टा चाललीय असं समजून. मग त्यांनी तिचा चेहरा बघितला. "अगं, मग बोलली का नाहीस? मी विचारायचो की. दर वेळी विचारायचो, कशी आहे वाट."

"बोलले असते तर तुम्ही पिवळी केली असती."

"केलीच असती."

"मग ती त्या टोळीकडे गेली असती. तुम्हाला दुसरं काम दिलं असतं आणि रविवारचे आम्ही घरी." आईचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय करू विचारावी तसा. "घरात तुम्ही बोलत होतात का कधी? तुमचं बोलणं मला त्या तिसऱ्या तळ्याशीच ऐकायला मिळायचं. त्याच्यासाठी एक खडक उतरायला लागायचा. उतरायचे मी."

अधिकारी मुलगी उगाचच दुसरीकडे बघायला लागली. मला कुठे बघावं कळेना. खाली उभी राहून हसणारी मी मला दिसत होते, आणि आईही हसायची ती कशासाठी, हे आत्ता कळत होतं.

बाबा काठीवर भार टाकून बराच वेळ त्या उतरणीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. ते मुलीकडे वळले.

"पिवळी करा," म्हणाले. "आणि कुणी विचारलं तर सांगा, पहिल्यापासून पिवळीच होती. रंग मारणारा बहिरा होता."

"काका, असं नका—"

"मारा हो पिवळा."

मग ते आईपाशी गेले. त्या दोघांना मी कधी हात धरून चालताना बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही त्यांनी हात नाही धरला. त्यांनी आपली काठी तिच्या हातात दिली आणि स्वतः तिच्या खांद्याचा आधार घेतला. दोघं परत फिरली.

"आणखी काय होतं?" बाबांनी विचारलं.

"आता काय उपयोग?"

"तरी सांग."

आईने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "पिशवी जड असायची. पाच माणसांचं पाणी भरायचात तुम्ही, माणसं चार."

"बरं."

"अंडी मला आवडत नाहीत."

"अंडी?"

"कधीच नाही आवडली. आणि त्या रंगाच्या वासाने माझं डोकं चढायचं. आणि तिसरं तळं तिसरं तळं काय करता, ते दुसऱ्यासारखंच आहे."

बाबा मान हलवत होते. मी आणि ती मुलगी मागून येत होतो, आणि आई बोलत होती. चपला, ऊन, दादाचे ओले मोजे, बाबांची आई, एकदा विसरलेला वाढदिवस. झुडपांचा वळसा संपला, पहिलं तळं मागे पडलं, तरी ती बोलत होती. फाटकापाशी मुलगी रंग बदलायच्या कागदावर बाबांची सही घ्यायला पुढे झाली, तेव्हा बाबांनी हात वर करून तिला थांबवलं.

"जरा थांबा," ते म्हणाले. "हिचं अजून संपलेलं नाही."