बिनकारणाचा सातवा नियम

मित्रांनो, मी नियमांची एक जुनी फाईल आहे. कागदाची नव्हे, संगणकातली. माझ्यासारख्या फाईली तुमच्यापैकी काहींनी उघडल्या असतील, थोड्या खाली सरकवल्या असतील आणि बंद केल्या असतील. माझ्या तळाशी एक छोटी चौकट आहे. 'मी हे नियम वाचले आहेत' असे तिच्यापुढे लिहिले आहे. लोक न वाचताच तिच्यात खूण करतात आणि पुढे जातात. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता नुसता थकवा येतो.

तरी आज माझी हकिकत सांगते. फार मोठी नाही.

एका शाळेत गणिताच्या एक बाई होत्या. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी मुख्याध्यापक एक मोठा कोरा तक्ता त्यांच्या पुढ्यात ठेवत आणि म्हणत, "बाई, वेळापत्रक तुम्हीच लावा. तुमचं गणित चांगलं आहे." चित्रकलेच्या सरांना पहिला तास नको असायचा, खेळाच्या सरांना दुपारचे ऊन नको असायचे आणि विज्ञानाच्या बाईंना प्रयोगशाळा मोकळी हवी असायची. एकाचा तास हलवला की दुसरा रुसायचा. शिक्षकांच्या खोलीतल्या लांब टेबलावर तो तक्ता पसरून बाई खोडत आणि लिहीत बसायच्या. कागद खोडून खोडून विरायचा. बाईंच्या नाकी नऊ यायचे.

शेवटी एका सुट्टीत त्यांनी वेळापत्रक लावणारा प्रोग्राम स्वतःच लिहून काढला. तो त्यांनी कुलूपबंद ठेवला नाही. कोणीही तो फुकट घ्यावा, आत डोकावून पाहावे, बिघडले असेल ते दुरुस्त करावे आणि दुरुस्ती परत पाठवावी, असा तो सर्वांना मोकळा ठेवला. अशा प्रोग्रामला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात.

मग माणसे जमू लागली. कोणी शिक्षक, कोणी इंजिनीअर, कोणी नुसताच हौशी. सगळे दूरदूरचे, एकमेकांचे तोंडही न पाहिलेले. हेतू सर्वांचे चांगले, पण हात प्रत्येकाचा वेगळा. एकाने तर प्रोग्राममधल्या सगळ्या गोष्टींना आपल्या मांजरांची नावे दिली होती. 'मनी' म्हणजे वर्ग आणि 'बोका' म्हणजे मुख्याध्यापक, हे उमगेपर्यंत बाईंनी कपाळाला हात लावला होता. त्याच दिवशी त्यांनी मला लिहायला घेतले.

नावे अशी द्या की परक्याला कळतील. दुसऱ्याचे काम खोडण्याआधी त्याला विचारा. चौथा नियम होता, एका वेळी एकच दुरुस्ती पाठवा. प्रत्येक नियमापुढे बाईंनी त्याचे कारण लिहिले, कारण त्या शिक्षिका होत्या आणि 'का' विचारणारी मुले त्यांना आवडत. फक्त सातव्या नियमापुढे कारण नव्हते. तो नियम एवढाच होता: 'ओळ आत सरकवायची असेल तर टॅबच वापरा, स्पेस वापरू नका.'

हे जरा समजावून सांगते. प्रोग्राम लिहिताना कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे हे दिसावे म्हणून ती थोडी आत सरकवतात. दिवसाच्या पोटात तास, तासाच्या पोटात वर्ग, वर्गाच्या पोटात शिक्षक, अशा ओळी पायरीपायरीने आत जातात. टॅबची कळ एकदा दाबली की एक पायरी होते. तीच पायरी स्पेसने, म्हणजे शब्दांमध्ये मोकळी जागा सोडणाऱ्या लांब कळीने, करायची तर ती कळ चार वेळा दाबावी लागते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते.

पण सगळेच काही डोळ्यांनी वाचत नाहीत.

प्रोग्रामबरोबर माझी एकेक प्रत प्रत्येकाच्या संगणकात जाते, त्यामुळे मी एकाच वेळी पुष्कळ घरांत असते. अशीच एक प्रत बाईंच्या घरातल्या मागच्या खोलीत होती. ती त्यांच्या नणंदेची खोली. घरात तिला सगळे चिमणी म्हणत. वयाने चाळिशीला टेकली तरी चिमणीच. तिला जन्मापासून दिसत नव्हते. तिच्या कीबोर्डपुढे एक ब्रेल पट्टी असायची. पडद्यावरची ओळ त्या पट्टीवर बारीक ठिपक्यांनी वर येई आणि चिमणी ती बोटांनी वाचत जाई. पट्टी आखूड होती, एका अक्षराला एक घर अशी मोजकीच घरे. टॅबची पायरी तिच्यावर एका घरात मावायची. स्पेसच्या पायऱ्या असल्या की चार-चार घरे कोरी जायची आणि खऱ्या अक्षरांना जागाच उरायची नाही.

बाई तो नियम लिहीत होत्या तेव्हा चिमणी शेजारीच बसली होती.

"वहिनी, कारण लिहू नकोस हं," ती म्हणाली.

"का गं? बाकी सगळ्यांना लिहिलंय."

"मग सगळे माझं काम सोडून माझंच कौतुक करत बसतील. किती गं हुशार, दिसत नाही तरी करते! नको मला ते. माझं काम चुकलं तर चुकलं म्हणावं लोकांनी."

बाईंनी कारण लिहिले नाही.

ती माझ्या उमेदीची वर्षे होती. प्रोग्राम कितीतरी शाळांत गेला. दुसऱ्या प्रकल्पांनी माझी नक्कल केली, माझे कौतुक झाले. आणि तिथेही चिमणी याच नावाने काम करणाऱ्या आमच्या चिमणीचा दरारा वाढला. एखादे शिक्षक गैरहजर असले की त्यांचा तास कोणाला द्यायचा, हे ठरवणारा प्रोग्रामचा सगळ्यात किचकट कोपरा तिने आपल्याकडे घेतला होता. त्या कोपऱ्यात कोणी काही बदलले की चिमणी ते ओळीओळीने तपासायची आणि जराही गडबड दिसली की परत पाठवायची. 'नियम चार. एका वेळी एकच दुरुस्ती. वेगवेगळं पाठवा.' एवढेच लिहायची. खुद्द बाईंचे कामही तिने दोनदा परत पाठवले होते. दूरदूरच्या त्या माणसांना चिमणी कोण, कशी, हे ठाऊक नव्हते. ती कडक आहे एवढे मात्र सर्वांना ठाऊक होते. तिला तेच हवे होते.

पुढे बाई मुख्याध्यापिका झाल्या आणि त्यांना श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. प्रकल्पाची सूत्रे त्यांनी एका तरुण इंजिनीअरकडे दिली. विचारायच्या आत उत्तर देतो म्हणून सगळे त्याला झटपट म्हणत. मुलगा मनाचा चांगला. कंपनीतल्या जेवणाच्या सुट्टीत एका हाताने जेवत आणि एका हाताने टाइप करत तो प्रकल्प सांभाळायचा. त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण तोही मला चाळायचाच.

एक दिवस त्याने मला उघडून शेजारच्या मित्राला दाखवले.

"हे बघ ना, नियम सात. टॅबच वापरा. का? तर कारणच नाही!"

"जुन्या लोकांची खोड असते रे एकेक," मित्र म्हणाला. "हल्ली सगळीकडे स्पेसच चालतात. उडव की."

"तसं नको. विचारतो सगळ्यांना."

आणि त्याने खरेच विचारले. 'सातवा नियम बदलावा का? कोणाची हरकत असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा.' पसंतीचे अंगठे भराभर वर आले.

मागच्या खोलीत चिमणीने तो प्रश्न बोटांनी वाचला. तिने उत्तर लिहायला घेतले. 'माझी हरकत आहे, कारण' इथपर्यंत लिहिले आणि पुसले. पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. कारण सांगायचे म्हणजे स्वतःबद्दल सांगायचे. इतकी वर्षे ती तिथे फक्त कडक चिमणी होती, ते सारे एका ओळीत संपणार होते. मला ते उत्तर दिसत होते आणि मला काहीच करता येत नव्हते. माझ्या अंगावर दुसऱ्यांनी लिहायचे असते, मित्रांनो. मी स्वतः एक अक्षर लिहू शकत नाही.

शुक्रवार उलटला. झटपटने एक आज्ञा दिली आणि सगळ्या प्रोग्राममधले टॅब जाऊन तिथे स्पेस आले. माझ्यातला सातवा नियमही उलटा झाला. नियम कोणी मोडू नये म्हणून त्याने एक यंत्रही बसवले. आलेले काम ते आपोआप तपासायचे आणि चुकले असेल तर परत धाडायचे.

चिमणीने हार मानली नाही. घरी आणलेल्या प्रतीत ती स्पेसचे टॅब करायची, काम करायची आणि पाठवताना टॅबचे पुन्हा स्पेस करायची. रोजचा दुहेरी खटाटोप. एके दिवशी या घोळात एक ओळ बदलायची राहिली. पाठवलेले काम लगेच परत आले. यंत्राने खाली लिहिले होते, 'नियम सातचा भंग. कृपया नियमांची फाईल वाचा.'

मला वाचा म्हणे! सगळ्यांमध्ये एकटी तीच मला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत आली होती. माझेच नाव पुढे करून तिला दारातून परत पाठवले, हे मला फार लागले. चिमणी एकदा हसली. मग तिने संगणक बंद केला, ब्रेल पट्टीला तिची कापडी खोळ घातली आणि ती कपाटात ठेवून दिली.

त्यानंतर गैरहजर शिक्षकांच्या कोपऱ्याकडे कोणी फिरकेना. तिथे कामांचा ढीग साचला. झटपटने तिला विचारले, 'सगळं ठीक ना?' तिने फोनवरूनच उत्तर दिले, 'वेळ मिळत नाही.' त्याने ते खरे मानले. खरे न मानायला त्याच्यापाशी कारण नव्हते.

एका रविवारी सकाळी बाई कात्री शोधत मागच्या खोलीत आल्या आणि त्यांनी कपाट उघडले.

"ही पट्टी अशी गुंडाळून का ठेवलीस गं?"

"सोडलं मी ते काम."

"सोडलं म्हणजे? कधी? मला बोलली नाहीस ती?" बाई पलंगावर बसल्या. मग चिमणीने त्यांना सगळे सांगितले. बाईंचा चेहरा लाल झाला. "थांब, आत्ता फोन लावते त्या पोराला."

"आणि काय सांगशील? आमच्या घरी एक आंधळी आहे बिचारी, तिच्यासाठी तेवढं बदला?" चिमणीचा आवाज चढला. "वहिनी, तिथे मला कोणी हात धरून नेलेलं नाही. तिथे मला लोक घाबरतात!"

"घाबरतात ते ठाऊक आहे. मीही घाबरते," बाई म्हणाल्या. मग जरा वेळाने हळूच म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून मी कारण लिहिलं नाही. आता त्या पोराने तरी कशावरून ओळखावं? नियम आहे आणि कारण नाही म्हटल्यावर मी पण खोडला असता."

चिमणीने हात पुढे केला. "आण ती पट्टी इकडे."

तिने मला उघडले. सातव्या नियमावर तिची बोटे थांबली. तिने नियम पुन्हा पहिल्यासारखा केला आणि त्याच्यापुढे कारण लिहिले. त्याच झपाट्यात साऱ्या प्रोग्राममधले स्पेस काढून टॅबही परत आणले. मग ती माझ्या तळाशी गेली आणि 'मी हे नियम वाचले आहेत' या चौकटीत तिने खूण केली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात खरी खूण होती. काम यंत्राकडे न सोडता थेट झटपटकडे पाठवून ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिला भीती वाटत होती.

झटपट तेव्हा त्याच्या घरी होता. त्याने ते कारण वाचले आणि तो खुर्चीत मागे टेकला. मग त्याने भली मोठी माफी लिहायला घेतली. तुम्ही एवढ्या धीराच्या, आम्हाला कल्पनाच नव्हती, असे बरेच काही. ते त्याने एकदा वाचले आणि सगळे पुसून टाकले. आणि मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने मला वरपासून खालपर्यंत सावकाश वाचले. मग उत्तर लिहिले.

चिमणीच्या पट्टीवर ठिपके वर आले. तिने त्यांवरून बोटे फिरवली, पुन्हा फिरवली आणि ती मोठ्याने हसत सुटली.

"वहिनी! अगं, परत पाठवलं त्याने! मला परत पाठवलं!"

"काय? एवढं सांगूनसुद्धा? काय म्हणतो?"

"म्हणतो, 'कारण मान्य. पण नियम चार. एका वेळी एकच दुरुस्ती. नियम आणि टॅब वेगवेगळं पाठवा.'" तिने कीबोर्ड पुढे ओढला. "बरोबर आहे गं त्याचं. माझंच चुकलं!"

तिने दोन्ही वेगवेगळे पाठवले. झटपटने यंत्रालाही नियम उलटा करून दिला आणि दोन्ही स्वीकारले गेले.

आता मी फार जुनी झाले आहे. इतकी ठिगळे लागली आहेत की माझी मूळची ओळ शोधावी लागते. लोक अजूनही न वाचता खूण करतात आणि मी अजूनही थकते. कधी वाटते, पुरे झाले आता. पण तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. माझ्यासारख्या फाईलीतला एखादा नियम तुम्हाला बिनकारणाचा वाटला तर खोडा खुशाल, पण त्याआधी तो कोणासाठी लिहिला होता हे शोधा. आणि शुक्रवारपर्यंत कोणी बोलले नाही म्हणून कोणाची हरकत नाही असे समजू नका. आणि नियम तुम्ही लिहिलात, तर त्याचे कारणही लिहा.

माझा सातवा नियम आज असा आहे: 'ओळ आत सरकवायची असेल तर टॅबच वापरा. आपल्यातलं एक माणूस बोटांनी वाचतं.'

खाली चौकट आहे. खूण करायची घाई नाही.