मूळ दाखला

"साहेब मीटिंगला गेलेत. सोमवारी या," काउंटरवरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या.

सोमवारी! माझ्या मुलीचा, संस्कृतीचा, शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि बारावीची मार्कशीट सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेच्या या काचेच्या इमारतीत अडकली होती. दुसऱ्या कॉलेजात आज पाचपर्यंत हे कागद दाखवले नाहीत तर तिथली जागा गेली. साडेतीन वाजले होते.

चूक माझीच. बिबवेवाडीत वीस वर्षं मिक्सर दुरुस्त करतोय. दुकानात पाटी लावलीय, 'पावती हरवली असेल तर मिक्सरही हरवला समजा.' आणि हाच शहाणा इथलं एसी, कॉफीचं मशीन, भिंतीवरचे कॅमेऱ्यांचे फोटो पाहून असा दिपला, की पोरीला सिनेमाच शिकायचाय ना, मग हीच जागा म्हणून मूळ कागद देऊन मोकळा झाला. साधी पोचसुद्धा घेतली नाही!

संस्कृती भोळसट नाही. तिने इथल्याच मुलांना फाटकाबाहेर गाठून विचारलं. "बाबा, इथे डिग्री नाहीच. नुसतं सर्टिफिकेट. आणि वीस जणांत एक कॅमेरा." मग तिनेच आठ दिवस पायपीट करून एक जुनं कॉलेज शोधलं. फी इथल्याच्या पाव, पदवी विद्यापीठाची, रोज एक सिनेमा दाखवून त्यावर लिहून घेतात. पंखे कुरकुरतात म्हणाली, पण मास्तर जीव तोडून शिकवतात.

"मॅडम, फार नड आहे हो," मी म्हणालो.

"दुसरीकडे ॲडमिशन घेत असाल तर वर्षाची फी भरा आणि कागद न्या. नियम आहे."

"कुठे लिहिलाय?"

"सोमवारी साहेबांना विचारा. कारण काय आहे?"

मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. आणि काय झालं कोण जाणे, मी म्हणून गेलो, "लग्न ठरलंय हो तिचं. मुलाकडच्यांना जन्मतारीख बघायचीय."

बाईंचा चेहरा एकदम खुलला. "अय्या, मग आधी नाही का सांगायचं!" उठल्या, कपाट उघडलं, दोन मिनिटांत कागद माझ्या हातात. "बरं केलंत. मुलींना काय करायचाय सिनेमाबिनेमा? पेढे आणा हं."

मी वळलो. खाली स्कूटरपाशी थांबवलेली संस्कृती वर येऊन दारातच उभी होती. तोंड पांढरंफटक.

ती माझ्या पुढे भराभर जिने उतरली. स्कूटरपाशी थांबून तिने विचारलं, "बाबा, खरंच ठरवलंय?"

"वेडी का काय! थाप मारली गं. नाहीतर ती बया देत होती का कागद?"

"वैष्णवीताईलाही काकांनी शेवटीच सांगितलं होतं."

माझ्या भावाच्या मुलीची गोष्ट. दुसऱ्या वर्षाला होती ती. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कळलं तिला. मीच गेलो होतो तिला होस्टेलवरून आणायला, आजी आजारी आहे म्हणून सांगून. संस्कृतीला हे माहीत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"तुझ्या गळ्याची शपथ, तसलं काही नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

तिने माझ्या हातातून कागद घेतले. दाखला बघितला, मार्कशीट बघितली, सॅकमध्ये घालून चेन लावली.

"मी रिक्षाने जाते. कॉलेज माहितीये मला."

"अगं, मी सोडतो ना! घड्याळ बघ."

"नको बाबा."

रिक्षात बसल्यावर तिने सॅक पोटाशी घट्ट धरली आणि रिक्षा वळेपर्यंत माझ्याकडेच बघत राहिली, मी मागे येतोय का ते.

मी गेलो नाही. स्कूटरला किल्लीही लावली नाही.