एका चौकटीत दोघे

संकलनाच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड कापड लावलेले, मेजावर दोन पडदे, आणि त्यांच्यापुढे बसून ज्यांनी आपले आयुष्य वेचले असे एक वृद्ध संकलक. चित्रफितीची रिळे आणि ती कापणारी कात्री व्यवसायातून केव्हाच हद्दपार झाली होती. तरी लहानथोर सारे त्यांना अजून ‘कात्रीकाका’च म्हणत.

नवशिक्यांना ते एक गोष्ट आवर्जून दाखवीत. एका नटीचा निर्विकार चेहरा पडद्यावर आणीत आणि त्याला रिकाम्या पाळण्याचे दृश्य जोडीत. पाहणारे म्हणत, केवढे हे दुःख! मग तोच चेहरा, आणि त्याच्या जोडीला दारात उभा राहिलेला मुलगा. पाहणारे म्हणत, काय हे वात्सल्य!

“चेहऱ्यात काहीच नव्हतं,” काका शांतपणे सांगत. “जे होतं ते तुमच्याकडून आलं. मी फक्त शेजार दिला.”

ही विद्या त्यांनी एखाद्या व्रतासारखी सांभाळली होती. ती एके दिवशी आपल्याच घरात शिरेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते.

काका ज्या दैनंदिन मालिकेचे संकलन करीत, तिच्यातच त्यांच्या पत्नी आईची भूमिका करीत. सेटवर सगळे त्यांना माई म्हणत. काही वर्षांपूर्वी माईंच्या स्मृतीतून प्रथम एखादा शब्द निसटू लागला, मग वाक्य, मग अख्खा प्रसंग. आणि स्मृती जसजशी विरत गेली तसतशी त्यांच्या चित्रणाची रीतही पालटत गेली. पूर्वी कॅमेरा स्वयंपाकघरापासून दिवाणखान्यापर्यंत त्यांच्यासवे एकसलग चाले, आणि तेवढ्या वाटेत माई बोलता बोलता तिघाचौघांना गप्प करीत. पुढे त्यांचे संवाद एकेका वाक्याने टिपावे लागले. त्यानंतर त्या पाठमोऱ्या बसू लागल्या आणि आवाज दुसऱ्या बाईंचा येऊ लागला. अखेरीस शब्द सरले. उरला तो अगदी जवळून घेतलेला मूक चेहरा. लेखक संहितेत एवढेच लिही, ‘माई पाहतात.’ काय पाहतात, ते कात्रीकाका ठरवीत.

प्रेक्षकांनी मात्र माईंना डोक्यावर घेतले.

“काका,” तरुण दिग्दर्शक हसून म्हणाला, “माई एक अक्षर बोलत नाहीत आणि बाकीचे पानभर बोलून फिके पडतात. त्या बाकीच्यांना सांगितलंय मी, तुम्हीही विसरायला शिका!”

काकाही हसले. हसू ओठांच्या आत गेले नाही.

घरी लेक वाट पाहत होती. तिने आईचे केस विंचरले, तिला निजवले आणि बाहेर येऊन वडिलांसमोर बसली.

“बाबा, आता पुरे. मी ते देखभाल केंद्र बघून आले. स्वच्छ आहे, माणसं मायेची आहेत. तुमच्याच्यानं हे आता निभत नाही.”

“ती मला ओळखते.”

“कशावरून?”

“आज सकाळी मी पडदा सारला, म्हटलं ऊन आलं बघ, तर माझ्याकडे बघून हसली.”

“मी तिथंच होते, बाबा. ती आधीपासूनच हसत होती. तुम्ही मागाहून तिच्यासमोर आलात. तुम्ही आईला घरीसुद्धा एडिट करताय.”

दुसऱ्या कोणी हे म्हटले असते तर काकांनी ते उडवून लावले असते. पण ही तर त्यांचीच विद्या त्यांच्यापुढे उभी ठाकली होती. नाश्त्याच्या वेळचे ते मान डोलावणे, दाराशी रेंगाळलेली ती नजर, या सगळ्यांना शेजार कोणी दिला होता?

“बरं,” ते म्हणाले. “तिनं मला ओळखलं नाही तर मी आड येणार नाही. पण ते मला माझ्या रीतीनं बघू दे.”

त्यांची रीत सरळ होती. दोन माणसे वेगवेगळी टिपली तर त्यांची दृष्टिभेट हवी तशी रचता येते. ती दोघे एकमेकांना कधी भेटलेलीही नसली तरी चालते. परंतु दोघेही एकाच चौकटीत असतील आणि दृश्य मध्ये कोठेही तुटणार नसेल, तर कोण कोणाकडे पाहते आहे याविषयी संकलकाच्या हाती काही उरत नाही. आशेच्याही हाती उरत नाही.

छायालेखक त्यांचा जुना स्नेही. मागणे ऐकून तो म्हणाला, “दोघं एका फ्रेममध्ये? लग्नाच्या फोटोनंतर पहिल्यांदाच की रे! आणि त्यातही तू डोळे मिटले होतेस.”

“कॅमेरा हलवू नकोस. जवळ जाऊ नकोस. काहीही झालं तरी मध्ये थांबू नकोस.”

“आणि काहीच झालं नाही तर?”

“तरीही थांबू नकोस.”

छायालेखकाने मग थट्टा केली नाही.

जेवणाच्या सुट्टीत सेट रिकामा झाला. तीन भिंतींच्या त्या खोट्या घरात माई मेजाशी बसल्या होत्या आणि मेजपोशाचा एक धागा बोटाने ओढीत होत्या. काका समोरच्या खुर्चीवर बसले. त्यांच्या पाठीमागे, खांद्याच्या बाजूने लावलेला कॅमेरा सुरू झाला.

“अगं, मी आलोय.”

धागा ओढणे चालूच राहिले.

“आपल्या पहिल्या खोलीतला नळ आठवतो? सारखा गळायचा. तू म्हणायचीस, हा नळ तुमच्यासारखाच, एकेक थेंब बोलतो.”

माईंनी मान वर केली नाही. काकांनी लेकीच्या जन्माचे सांगितले, माईंच्या पहिल्या नाटकातल्या फजितीचे सांगितले. बोलता बोलता त्यांचा स्वर खाली आला आणि ते थांबले. पलीकडे छायालेखकाला ती शांतता साहवेना. न राहवून, सवयीने, तो हळूच म्हणाला, “माई, अ‍ॅक्शन.”

माई ताठ झाल्या. हनुवटी वर आली, कपाळावरची आठी मावळली, आणि त्यांनी मुख वळवले, ते काकांकडे नव्हे. कॅमेऱ्याच्या भिंगाजवळ रंगीत चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला होता. समोर कोणी नट नसताना नजर कोठे ठेवावी, यासाठी तो असे. गेले वर्षभर मुलगा म्हणून, सून म्हणून, नवरा म्हणून माईंपुढे तोच येत होता. त्यांनी त्या तुकड्याकडे पाहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

“अहो, आलात?” त्या म्हणाल्या. वर्षभरात प्रथमच त्यांच्या मुखातून एवढे शब्द स्पष्ट उमटले. “किती उशीर केलात!”

“अगं, मी इकडे आहे. इकडे बघ.” काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

माईंनी दृष्टी ढळू दिली नाही. कसलेली अभिनेत्री दृश्यात चुकून आलेली वस्तू जशी अलगद दूर करते, तसा त्यांनी तो हात आपल्या हातावरून उचलून मेजाच्या कडेला ठेवला. आणि चिकटपट्टीच्या तुकड्याकडे त्या तशाच, ओसंडत्या डोळ्यांनी पाहत राहिल्या. थांबा म्हणेपर्यंत त्या थांबणार नव्हत्या. छायालेखकाला बोलवेना. शेवटी तो शब्द काकांनाच उच्चारावा लागला.

“कट.”

माईंच्या मुखावरचे सारे विझले आणि बोटे पुन्हा धाग्याकडे गेली.

संकलनाच्या खोलीत काकांनी ते दृश्य पुनःपुन्हा पाहिले. कोठे तरी, निमिषभर, ती नजर आपल्याला शिवून गेली असेल, या वेड्या आशेने ते पुढे मागे करीत राहिले. नजर त्यांच्या कानाजवळून निघून जात होती, दर वेळी तितक्याच अंतरावरून.

दार ढकलून दिग्दर्शक आत आला आणि पडद्यापुढे खिळून उभा राहिला.

“काका, हे काय आहे! मालिकेतले वडील परत येतात ना, तिथे हेच घ्या. फक्त...” तो अडखळला. “फक्त यात तुम्ही दिसताय.”

“दिसणार नाही.”

तो गेल्यावर काकांनी चौकटीतले चित्र हळूहळू मोठे करीत नेले. प्रथम त्यांचे कोपर बाहेर गेले, मग खांदा, मग कानामागचे पांढरे केस. हात दूर करण्याचा भाग खाली राहून गेला. उरल्या एकट्या माई. त्यांच्याआधी काकांनी उंबरठ्यावर सामान घेऊन उभ्या असलेल्या नटाचे दृश्य जोडले आणि सलग चालवून पाहिले.

नवरा दारात आला. पत्नीने मुख वर केले आणि त्याला तत्क्षणी ओळखले.

जोड कोठे आहे हे त्यांनी निरखून पाहिले. तो दिसत नव्हता.

त्यांनी लेकीला फोन लावला.

“केंद्रवाल्यांना कळव,” ते म्हणाले. “घेऊन जा तिला.”

“बाबा, मी येऊ का तिकडे? एकटे आहात?”

“नको. हा भाग आजच पाठवायचा आहे.”