क्रांतिदिनाचा भोंगा

मी भोंगा. जयंती असो की पुण्यतिथी, तुम्ही मला लिंबाच्या झाडावर बांधता, माझ्यातून बोलता आणि मी काही ऐकलंच नाही असं समजता. ऐकलंय सगळं. तेच आज सांगतो.

धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या दुकानातून माईक भाड्याने देणाऱ्या रुपचंदने मला आणलं. सोनगीरच्या आसपास कुठेही कार्यक्रम असला की सायकलला बांधून न्यायचा. १ ऑगस्ट, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी. तारीख बदलायची, तसबिरीतला माणूस बदलायचा, भाषण तेच राहायचं. वर्षभर धूळ खाल्लेल्या तसबिरी सकाळी धोतराच्या सोग्याने पुसायच्या आणि हार घालायचा. एका पुढाऱ्याने तर पुण्यतिथीला ‘आजच्या या मंगल दिनी’ म्हणून सुरुवात केली. कुणी हसलं नाही. कुणी ऐकतच नव्हतं.

या पुढाऱ्यांत आमचे चुडामणनाना मोठे. १९९२ साली बेचाळीसच्या चळवळीला पन्नास वर्षं झाली, म्हणून त्यांनी गावात दगडी स्मारक उभारलं. ९ ऑगस्टला अनावरण होतं. पडद्याआडच्या दगडावर कुणाची नावं, हे गावाला आधीच ठाऊक होतं. पहिलं नाव नानांच्या वडिलांचं. ते इंग्रजांच्या काळात गावचे पोलीसपाटील होते. शेवटचं नाव आधारचं. बेचाळीसला तो तुरुंगात गेला आणि तिथेच मेला.

आधारची धाकटी बहीण भागाबाई गावातच होती. सत्तरीला टेकलेली, बोलायला अगदी कमी. मंचावर तिला शाल दिली, नारळ दिला. नाना तासभर वडिलांच्या त्यागावर बोलले. मग मोठ्या मनाने माईक तिच्यापुढे धरून म्हणाले, ‘‘अक्का, दोन शब्द बोला. आभार मानले तरी पुरे.’’

भागाबाईने शाल काढून खुर्चीवर ठेवली.

‘‘मना भाऊ आमना घरमा लपेल व्हता,’’ ती म्हणाली. ‘‘या दगडवर ज्यानं नाव पहिलं शे, त्यानीच शिपाई आनात. त्यानीच मना भाऊले धरी दिन्हं. त्याना नावखाले मना भाऊनं नाव नको.’’

नानांनी रुपचंदकडे पाहिलं. रुपचंदने मान खाली घालून बटण फिरवलं. पुढच्याच आठवड्यात १५ ऑगस्ट होता, तेव्हाही बोलावणं नानांचंच यायचं होतं. मी मुका झालो.

ती थांबली नाही. तिचा आवाज बारीक, मागच्यांना पोचेना. मग मागचे लोक उठले. बाया आधी, मग माणसं. मंचाला खेटून उभे राहिले आणि ऐकू लागले. इतक्या वर्षांत माझ्यातून बाहेर पडलेलं एकही भाषण कुणी असं ऐकलेलं मला आठवत नाही. नानांनी एकट्यानेच पडदा ओढला. फोटोवाल्याने फोटो काढला.

दगड तसाच राहिला. दोन वर्षांनी भागाबाई गेली. तिच्या पहिल्या पुण्यतिथीचा कार्यक्रम कुणी ठेवला? नानांनीच. तिच्या फोटोला हार घातला, गळा दाटून आल्यासारखं केलं आणि माझ्यातून म्हणाले, ‘‘अक्कांनी आपलं शेवटचं भाषण याच जागी केलं. माझ्या वडिलांविषयी त्या फार आदराने बोलल्या.’’

हे खोटं मला साऱ्या गावभर पोचवावं लागलं.

भागाबाईची सून ताईबाई पुढच्याच रांगेत होती. ती उभी राहिली. ‘‘नाना, ती काय बोलनी, ते आम्ही जवळ हुभं राहीसन ऐकेल शे.’’ एवढंच बोलून तिने फोटोवरचा हार काढून खाली ठेवला, सासूचा फोटो उचलला आणि काखेत धरून घरी चालू लागली. तिच्यामागे सगळ्या बाया उठल्या. नाना रिकाम्या सतरंजीसमोर आणखी वीस मिनिटं बोलले. अशा माणसांना ऐकणारे लागतच नाहीत.

आता रुपचंदने स्पीकरचे मोठे खोके आणलेत आणि मला गोठ्यात टांगलंय. परवा नाना विचारायला आले होते, ‘‘जुना भोंगा आहे का रे? शाळेला देणगी देऊ, माझ्या वडिलांच्या नावाने.’’

रुपचंद, माझं एक ऐक. मला देणगी देऊ नकोस. भंगारवाल्याला घाल. माझं ॲल्युमिनियम चांगलं आहे, त्याची पातेली होतील. त्यात कुणाच्या घरी वरण तरी शिजेल.