ब्लोअरवरचा तळहात

खंडेनवमीच्या दुपारी मुलुंडच्या आमच्या ओतकारखान्यात ब्लोअरसमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. ब्लोअर म्हणजे भट्टीला वारा देणारा, माणसाहून उंच पंखा. महिनाभर तो अंगात आल्यासारखा थरथरत होता. शेठनी बोलावलेल्या अंबादासबाबांनी त्याच्या शाफ्टपासून, म्हणजे फिरत्या दांड्यापासून, वीतभर लांब तळहात धरला.

"माते, न शिवता तुझं दुखणं ओढून घेतो," बाबा म्हणाले. "तू गोल फिरतेस, मीही सात जन्म फिरतोय."

शंख, झांजा, घंटांचा गदारोळ झाला. तो थांबला तेव्हा थरथर खरंच कमी झाली होती. लोक पाया पडले. शेठही पडले, कारण या उपचारात मशीन बंद ठेवावं लागत नव्हतं. थरथर परत आली की बाबा म्हणत, तुमची श्रद्धा पातळ झाली, आणि पुन्हा आरती करत.

लवू तेवढा पाया पडला नाही. तो ब्लोअरचा ऑपरेटर, दिवसभर त्या शाफ्टशेजारी उभा असायचा. मला म्हणाला, "खंडेनवमीक हत्याराक हात लावूचो नसता. मशीन बंद करून पुसायची, बघायची, मगे पुजायची. ही चालती पूजा खयची?"

मी तिथला फिटर. टेक्निकल शाळेत शिकवणाऱ्या गिल्बर्टला मी गाठलं. पवईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या ओळखीने त्याने पेन्सिलीएवढा सेन्सर आणला. तो शाफ्टला टेकत नाही. बारीक फट ठेवून समोर बसतो, फट किती कमीजास्त होते ते दाखवतो आणि शाफ्टवरची खाच समोरून गेली की फेरा मोजतो.

"म्हणजे बाबांसारखंच ना?" कोणीतरी हसलं.

"हो रे. फक्त हा आकडा दाखवतो," गिल्बर्ट म्हणाला.

"लावा खेळणं," बाबांनी उदार मनाने परवानगी दिली. सेन्सर आठवडाभर बसला. पुढच्या आरतीला शंख वाजला आणि फेरे घसरले. गिल्बर्टने मला ओढत भिंतीमागच्या पॅनेलरूममध्ये नेलं. तिथे बाबांचा भाचा दशरथ मोटरचा वेग कमीजास्त करणारं हँडल खाली करून उभा होता. गिल्बर्टने दार उघडून सगळ्यांना दाखवलं.

"फेरे कमी, म्हणून थरथर कमी. मोटरचा आवाज उतरलेला कळू नये म्हणून शंख. नंतर हा हळूहळू हँडल वर करतो," तो म्हणाला. "पण खरी भानगड वेगळी आहे. शाफ्टचं डोलणं रोज वाढतंय. तडा गेलाय बहुतेक. आत्ता बंद करा, नाहीतर लवूच्या अंगावर येईल."

मला वाटलं, आता बाबांची वाट लागली. कसलं काय.

"शांत झाली ना? मग बाबांनी केली काय, भाच्याने केली काय," एकजण म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

शेठ म्हणाले, "दिवाळीची ऑर्डर जाऊ दे, मग बघू." लवूने दुसरीकडे काम मागितलं, तर म्हणाले, "मग घरी बस." घरी बसून चूल पेटत नाही. लवू परत ब्लोअरपाशी उभा राहिला.

दिवाळीआधीच शाफ्ट तुटला. लवू जागीच गेला.

तेराव्याला बाबा म्हणाले, देवीने बळी घेतला, आता ती शांत. नवा शाफ्ट बसला, चालत्या ब्लोअरची आरती पुन्हा सुरू झाली. मला त्या माणसांची शिसारी आली, आणि कीवही.

लवूची बायको जानकी मला म्हणाली, "त्या सेन्सरान आधीच सांगितल्यान होता ना?"

"हो, वहिनी."

"मगे कोणी आयकूक कित्या नाय?"

तुम्हाला एवढंच सांगतो: मशीन थरथरलं की आधी बंद करा, उघडा, मोजा. कारखान्यातही मी हेच सांगतो. ते ऐकून घेतात, आणि आरतीला जातात. लवूच्या जागी आता कुंडलिक उभा राहतो.