सव्विसावी फेरी

मेंढीचं चोखलेलं हाड कुंपणावरून उडत आलं आणि बाबांच्या बुटाशी पडलं.

"आंधळ्या! ए बावट्या! चष्मा काढ आणि बाटलीची बुडं लाव डोळ्यांना!"

बाबांनी हाड उचललं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि पुन्हा पिवळा बावटा गुंडाळायला घेतला. त्यांची गुंडाळायची एक रीत आहे. आधी कापड काठीवर ताणायचं, मग तळहाताने सुरकुती मोडायची, मग एकेक वेढा. माझी सात महिन्यांची लुसिंदा रडायला लागली की तिच्या पाठीवरूनही ते असाच हात फिरवतात. ती माझ्या मांडीवर झोपली होती, कानांत कापसाचे बोळे घालून. एवढ्या गदारोळात झोपली, हे बरं झालं. जगात आल्या आल्या माणसांविषयी इतकं कळायला नको.

सान हासिंतोच्या शर्यतमार्गावर सहाव्या वळणाचा बावटा सत्तावीस वर्षं माझ्या बाबांच्या, एवारिस्तो माल्दोनादोंच्या, हातात आहे. एरवी ते नगरपालिकेत पाण्याच्या मीटरचे आकडे टिपतात. दारोदारी वाकून त्यांच्या पाठीला पोक आलंय, आणि गावातलं एकही कुत्रं त्यांच्यावर भुंकत नाही. पण फेब्रुवारीत मोसमाची पहिली शर्यत आली, की ते सहाव्या वळणावर ताठ उभे राहतात. आई गेल्यापासून त्यांच्या येर्बाचा, म्हणजे कडू पाल्याच्या चहाचा, थर्मास मी आणते. चौकीमागे हातभर सावली असते, तिथे बसते.

कुंपणापलीकडे प्रेक्षक. गुरुवारपासून मुक्काम ठोकतात. मोडक्या बसगाड्या आणतात, टपांवर खुर्च्या मांडतात, खाली मेंढरं भाजतात आणि चार दिवस आंघोळ करत नाहीत. एका बाजूला फोर्डवाले, दुसऱ्या बाजूला शेवरोलेवाले. बापाने दिलेला धर्म हा. यातल्या निम्म्यांकडे स्वतःची सायकलसुद्धा नाही. पण फोर्डवाल्याच्या चुलीतला निखारा शेवरोलेवाला घेणार नाही. घेतलाच तर मांस कडू होतं म्हणे. माझ्या नवऱ्याचा मामा लग्नाला आला नाही, कारण मांडवाला निळ्या, म्हणजे फोर्डच्या रंगाच्या झालरी होत्या.

आमच्या वळणाला लागून ओयार्सून घराण्याची निळी बस उभी असते. फोर्डवाल्यांतलं हे जुनं घराणं. म्हातारे सेल्सो ओयार्सून गेल्या जुलैत वारले. मरताना म्हणाले, आपल्या फोर्डचा चालक बेर्तोक्की मोसमाची पहिली शर्यत जिंकेल, त्या दिवशी माझी राख सहाव्या वळणावर टाका. त्यांची राख बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती आणि डबा दोन्या एर्मिंदाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, मांडीवर. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी भर उन्हात काळा स्वेटर घालून बसच्या पायरीवर बसली होती. तिचं मात्र मला वाईट वाटत होतं.

शर्यत पंचवीस फेऱ्यांची. ओयार्सून लोक फेऱ्या मोजतात बाटल्यांच्या बुचांनी. एक फेरी, एक बूच, बसच्या टपावर ओळीने. थोरला मुलगा फाब्रिसिओ मोजायला बसतो, आणि बूच मिळवायचं म्हणजे बाटली रिकामी करायची, हाही त्यांचा नियमच. बाराव्या फेरीला दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. सुरक्षागाडीमागून सगळे तीन फेऱ्या रांगत गेले. वाया गेलेल्यांपैकी दोन फेऱ्या शेवटी वाढवायच्या, असा यंदाचा नवा नियम. भोंग्यावरून दोनदा सांगितला. पण बसवर ह्यांची स्वतःची गाणी चालली होती.

पंचविसावं बूच पडलं, तेव्हा बेर्तोक्की पहिला होता.

मग काय! टप हादरला. फाब्रिसिओ रडत होता, लोक एकमेकांच्या तोंडावर दारू ओतत होते. गाड्या अजून त्याच वेगाने धावताहेत, हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण गाड्यांकडे कोणी बघतच नव्हतं. चार दिवस आधी येऊन बसलेली ही माणसं!

"आई, जा! चल लवकर! जिंकलो!" फाब्रिसिओ वरून ओरडला.

कुंपणाला एक भोक आहे. दरवर्षी बाबा ते तारेने शिवतात आणि दरवर्षी ओयार्सून ते कापतात. दोन्या एर्मिंदा त्यातून वाकून आली आणि डबा छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. झाकण घट्ट बसलं होतं. ती नखांनी ते उचकटत होती.

बाबांचा बावटा वर गेला. पिवळा. म्हणजे वेग कमी करा, कोणी कोणाला ओलांडू नका.

"दोन्या! मागे! मागे व्हा!"

सरळ रस्त्यावर शेवरोलेने नुकतंच बेर्तोक्कीला मागे टाकलं होतं. शेवरोलेच्या चालकाने बावटा पाहिला आणि वेगावरचा पाय उचलला. बेर्तोक्कीने उचलला नाही. तो आतल्या बाजूने घुसून पुढे गेला. म्हातारीच्या स्वेटरची टोकं वाऱ्याने उडाली, इतक्या जवळून. ती बसकण मारून पडली, मग कशीबशी भोकातून परत गेली. डबा बंदच होता.

बेर्तोक्की जिंकला. अर्ध्या तासाने भोंग्याने सांगितलं की पिवळ्या बावट्याखाली गाडी ओलांडल्यामुळे त्याचा विजय रद्द, शेवरोले पहिली. मग ते हाड आलं.

"रस्त्यावर कोणी नव्हतं!" फाब्रिसिओ टपावरून ओरडला. "माशी दिसली असेल म्हाताऱ्याला!"

"मीटर समजून वाचत होता गाडीला!"

"किती दिले रे त्यांनी?"

शंभरभर तोंडं, आणि प्रत्येकाने तिला पाहिलं होतं.

दुसरीकडून शेवरोलेवाले आले. सकाळी हेच बाबांना 'सरकारी खांब' म्हणत होते. आता एकाने कुंपणावरून वाकून त्यांच्या टकलाचा मुका घेतला. "एवारिस्तो, देवमाणूस तू! आमचाच आहेस, आम्हाला ठाऊक होतं!" आणि बरगड्यांनी भरलेलं ताट पुढे केलं.

"मी कोणाचाच नाही," बाबा म्हणाले. "ड्युटीवर खात नाही."

"शर्यत संपली की!"

"बावटा जमा व्हायचाय अजून."

तेवढ्यात पांढऱ्या सदऱ्यातले निरीक्षक आले. बरोबर दोन पोलीस. निरीक्षकांच्या कपाळावर घाम होता आणि तो उन्हाचा नव्हता. दोन हजार फोर्डवाले कचेरीच्या दाराशी जमले होते.

"माल्दोनादो, बेर्तोक्कीच्या माणसांनी तक्रार केली आहे. ह्या वळणाच्या कॅमेऱ्यात काही नाही, नुसता धूर आहे."

धूर ओयार्सूनच्या मेंढीचा होता.

"बावटा का दाखवला?"

"रस्त्यावर माणूस होतं."

"कोण?"

बाबांनी बावट्याचा आणखी एक वेढा घेतला.

"हे बघा," निरीक्षकांनी आवाज खाली आणला, "नाव सांगा. त्या घराण्याला इथे कायमची बंदी, बेर्तोक्कीची शिक्षा कायम, विषय संपला. नाव नसेल तर बावटा विनाकारण होता असं लिहावं लागेल. मग विजय त्यांना परत जाईल आणि तुमचं ओळखपत्र मला घ्यावं लागेल. सत्तावीस वर्षं झाली ना?"

"अठ्ठाविसावं चालू आहे."

निरीक्षक कुंपणाकडे वळले. "तुम्ही लोकांनी कोणाला पाहिलं?"

"कोणालाच नाही!" फाब्रिसिओ म्हणाला. छातीवर हात ठेवून म्हणाला. "वडिलांची शपथ."

वडील खाली पायरीवर बिस्किटांच्या डब्यात होते. दोन्या एर्मिंदाने डब्यावर स्वेटर ओढून घेतला आणि मान खाली घातली.

मी उठले. लुसिंदा दचकून जागी झाली. "साहेब, मी पाहिलंय. मी सांगते कोण..."

"यामिला." बाबांनी फक्त नाव घेतलं. "पोरीला ऊन लागतंय. आत घे तिला."

"बाबा, ते तुम्हाला खोटं पाडताहेत!"

"पाडू दे. अगं, नाव सांगितलं तर ह्यांना जन्मात आत सोडणार नाहीत. मग सेल्सोला कुठे टाकील ती? कालव्यात?"

"त्याचं तुम्हाला काय!"

"सत्तावीस वर्षं भाजलेल्या मांसाचा पहिला तुकडा त्याने कुंपणातून मला दिला. मी दर वेळी म्हणायचो, ड्युटीवर खात नाही. तो दर वेळी द्यायचा." मग निरीक्षकांकडे वळून ते म्हणाले, "लिहा साहेब. माणूस होतं, म्हणून बावटा दाखवला. माणूस कोणाचं आहे हे बघून मी बावटा उचलत नाही."

"हे उत्तर नाही, माल्दोनादो."

"माझ्याकडे एवढंच आहे."

निरीक्षकांनी लिहिलं. बाबांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं. दोरी कानाला अडकली, ती सोडवून ते दिलं. "बावटा कचेरीत जमा करा," म्हणून निरीक्षक लगबगीने गेले. सुटलेल्या माणसासारखे.

दहा मिनिटांत भोंगा पुन्हा बोलला. सहाव्या वळणाच्या बावटेवाल्याची चूक. बेर्तोक्की पहिला. निळ्या बाजूने आभाळ फाटलं. मघाशी मुका घेणारा शेवरोलेवाला परत आला, त्याच जागी वाकला आणि आमच्या चौकीवर थुंकला.

"विकला गेलास ना, म्हाताऱ्या!"

मी तोंड उघडणार होते. बाबांनी थर्मास माझ्या पिशवीत ठेवला, लुसिंदाच्या कानांतले बोळे हळूच काढले आणि म्हणाले, "चल."

लोक आता कुंपण ओलांडून बक्षीस-मंचाकडे पळत होते. जिंकणाऱ्याच्या गाडीला हात लावायचा, चाकाखालचा रबराचा चुरा खिशात घालायचा. सगळे ओयार्सूनही तिकडेच धावले. फाब्रिसिओ सगळ्यांत पुढे. टपावर उरले दोन-चार झिंगलेले. ज्यासाठी एवढं खोटं बोलले तो डबा आणि ती म्हातारी, दोन्ही पायरीवर विसरून गेले.

आम्ही वीसेक पावलं गेलो असू. मागे तार वाजली. दोन्या एर्मिंदा भोकातून बाहेर येत होती. ह्या वेळी कडेला थांबली नाही, थेट रस्त्याच्या मध्यावर गेली, तिथे गुडघे टेकले आणि झाकणाशी झटू लागली. तिला कमी ऐकू येतं. मोडक्या गाड्या ओढणारा ट्रक पाचव्या वळणावरून येत होता, भरधाव.

बाबा परत फिरले. पळाले नाहीत, पळता येत नाही त्यांना. पण सहाव्या वळणावर, आपल्या जागेवर, पोचले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बावटा एका झटक्यात उलगडला आणि वर धरला.

ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरने काही विचारलं नाही. त्याने इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

झाकण निघालं. म्हातारीने मूठ मूठ करून राख टाकली. वारा तिची बोटं मोकळी होण्याआधीच राख घेऊन जात होता. घाई तिला नव्हतीच. लुसिंदा फडफडणाऱ्या पिवळ्या कापडाकडे बघून हसत होती, हात पुढे करत होती.

"अरे बघा, बघा!" बसच्या टपावरून एकजण खिदळला. "नोकरी गेली तरी हलवतोय अजून!"

बाबांनी वर पाहिलं नाही. दोन्या एर्मिंदा उठली, डबा उपडा करून झटकला, आणि त्यांच्या शेजारून जाताना क्षणभर थांबली. ती वाकून भोकातून आत गेली, मागचा पायही आत घेतला, तेव्हा कुठे त्यांनी बावटा खाली केला आणि काठीवर कापड ताणून घेतलं.