सुवर्णाचं पित्त

कुंदन माझा भाचा. गंगापूर रोडला त्याचं फर्निचरचं दुकान आहे, आणि पोट सुटू नये म्हणून त्याने ट्रेकिंगचा एक ग्रुप काढला आहे. दर रविवारी ही मंडळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढतात, वर जाऊन फोटो काढतात आणि खाली येऊन मिसळ खातात. पायऱ्यांनी जेवढं उतरतं त्याच्या दुप्पट तर्रीबरोबर परत चढतं. एवढ्या तयारीवर त्यांनी हिमालयात जायचं ठरवलं.

मला बरोबर न्यायचं त्याच्या मनात का आलं ते मला लगेच कळलं होतं. कुंदनला वॉर्डातून निवडणुकीला उभं राहायचं आहे. मखमलाबादची, झेंडूच्या मळ्यात राबलेली, नऊवारीतली मावशी बर्फात उभी दिसली की मोबाईलवर लाखभर लोक बघतील, असा त्याचा हिशोब होता.

"मावशी, तुला एक रुपया खर्च नाही," तो म्हणाला. "फक्त लुगडं सोडायचं नाही. आतून गरम पँट घाल पाहिजे तर."

"आन् मी तिथंच मेले तर?"

"काहीतरीच काय!"

"नाय, मंग आनखी लोक बघतील."

तो हसला. नाही म्हणाला नाही.

मी गेले ते त्याच्या मतांसाठी नव्हे. आमच्या मळ्यातून रामशेजचा किल्ला दिसतो. जन्मभर तोच बघत आले. त्याच्यापेक्षा उंच काही असेल तर ते बघावं, आणि त्याच्या पलीकडे काय आहे तेही बघावं, असं मला मनापासून वाटत होतं.

हिमाचलात, किन्नौरच्या बाजूला, एका डोंगराभोवती फिरून यायची ती वाट होती. एका गावातून चढायचं, डोंगराला वळसा घालायचा, शेवटी एक उंच खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या गावात उतरायचं. गेलेल्या वाटेने परत यायचं नाही. माणसं, तंबू, भांडी, खेचरं, सगळं रोज पुढे सरकायचं. हे काम तिथल्या एका कंपनीकडे होतं. कंपनी म्हणजे रस्त्याकडेचं एक दुकान, दारात बर्फाचे फोटो आणि आत लोकरीच्या टोप्या. कंपनीने आम्हाला नेगी नावाचा गाईड दिला, एक स्वयंपाकी, एक खेचरवाला आणि चार खेचरं. "ऑक्सिजन भी है," मालक म्हणाला आणि सिलेंडरवर अशी थाप मारली, जशी गिऱ्हाइकाला म्हैस दाखवताना मारतात.

ग्रुपमध्ये बायका दोनच. एक मी आणि दुसरी सुवर्णा, कुंदनची बायको. बाकी सगळे पुरुष. त्यातले दोन तोंडाने फार चालायचे. एक निवृत्ती सर, रिटायर्ड मास्तर, ज्यांना प्रत्येक दगडाची माहिती होती आणि चुकीची होती. दुसरे खंडेराव, मेडिकल दुकानवाले. ते अर्धं दुकान पिशवीत घालून आले होते.

सुवर्णाचं डोकं तिसऱ्या मुक्कामावर दुखायला लागलं. जेवण समोर आलं तशी ती उठून तंबूमागे गेली आणि उलटी करून आली.

"पित्त झालंय," ती स्वतःच म्हणाली.

झालं. सगळ्यांना हायसं वाटलं. आपल्याकडे बाईचं डोकं दुखलं की ते पित्तच असतं, आणि पित्ताला औषध प्रत्येकाकडे असतं. खंडेरावांनी पित्ताची गोळी दिली. निवृत्ती सरांनी आमसूल चघळायला लावलं. कोणी सुंठ-साखर काढली, कोणी लिंबू शोधलं. मीही मागे नव्हते. मी तिच्या टाळूवर तेल चोळलं.

"तरी मी हिला सांगत होतो, बसमध्ये चहा पिऊ नको," कुंदन म्हणाला. "उपाशीपोटी चहा घेते आणि मग हे असं."

नेगी आला. त्याने बोटाला लावायचं ते चिमट्यासारखं यंत्र सुवर्णाच्या बोटाला लावलं, आकडा बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"सर, ये पहाड का सिरदर्द हो सकता है. आज रात देखते हैं. ठीक नहीं हुआ तो नीचे जाना पड़ेगा."

"अरे नेगीजी, ॲसिडिटी है. घरपे भी होता है. उंगली ठंडी है, इसलिए कम आया." कुंदनने यंत्र तिच्या बोटावरून काढलं आणि बोलता बोलता स्वतःच्या बोटाला लावलं. "ये देखो. मशीन ठीक है. थंडीका फरक पडता है."

नेगीने कुंदनच्या बोटाचा आकडा बघितला. मान हलवली. मला वाटलं हा आता काही बोलेल. पण गिऱ्हाईक नाराज झालं की कंपनीला फोनवर कमी तारे मिळतात, आणि त्या ताऱ्यांपुढे आभाळातले तारे त्याच्या काही कामाचे नव्हते. तो उठून स्वयंपाक्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी चढलो. सुवर्णा चालली. ती चालते म्हणजे बरी आहे, असं सगळे धरून चालले. वाटेत ती दोनदा बसली. निवृत्ती सर म्हणाले, "वहिनी, देवळाली कॅम्पातली मिलिटरीची बाटली घेऊन निघालात काय? तोल जातोय तुमचा!" सगळे हसले. तीसुद्धा हसली. बाईला एवढी सवय असते हसायची की जीव जात असला तरी चारचौघांत हसेल.

खिंडीच्या खालचा मुक्काम दगडगोट्यांचा. वर समोर खिंड दिसत होती, दोन काळ्या सुळक्यांच्या मध्ये पांढरी. मी बराच वेळ बाहेर उभी राहून बघत होते. तिच्यापुढे रामशेज म्हणजे आमच्या बांधावरचं वारूळ. मला उद्या तिथे जायचं होतं आणि मी जाऊ शकणार होते. गुडघे दुखत होते, पण दम लागत नव्हता. मला स्वतःचाच अभिमान वाटत होता, आणि त्या अभिमानात मी सुवर्णाच्या तंबूत डोकावले नाही.

सकाळी डोकावले. ती उठून बसली होती. डावा बूट उजव्या पायात घालायचा प्रयत्न चालला होता. जात नव्हता, तरी ती ढकलत होती. कुंदन बाहेर मोबाईल काठीला अडकवून बोलत होता. "मित्रांनो, आज तो दिवस..."

"सुवर्णा, अगं बूट उलटा हाय."

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे सुजलेले.

"काल साईला फोन केलता का गं? त्या खालच्या टेकाडावर रेंज व्हती म्हने." साई तिचा एकुलता मुलगा, आजीकडे ठेवलेला.

"कोण साई?" ती म्हणाली.

मी तसंच बाहेर येऊन कुंदनचा दंड धरला.

"बंद कर ते. तुझी बायको पोराचं नाव इसरली."

"झोपेत असेल, मावशी."

"झोपेत नाय. बस झालं तुमचं पित्त. पित्तानं पोटचं पोर इसरत नाय कुनी. खाली न्यायचं तिला, आत्ता."

नेगीला बोलावलं. त्याने आत जाऊन तिला उभं केलं, सरळ चालायला सांगितलं. ती चार पावलं गेली आणि तंबूच्या दोरीवर पडली. नेगीचा चेहरा उतरला. त्याने सिलेंडर आणायला सांगितलं. सिलेंडर आलं. ते उघडायचा पाना मात्र कंपनीच्या दुसऱ्या ग्रुपबरोबर गेला होता. स्वयंपाक्याने चिमट्याने खटपट केली, निवृत्ती सरांनी ते उलट्या बाजूला फिरतं असं सांगितलं, आणि सिलेंडर जसं आलं तसं भरलेलं राहिलं.

"मैं अकेला गाइड हूँ," नेगी म्हणाला. "मैं नीचे गया तो सबको नीचे जाना पड़ेगा."

तेव्हा मंडळींची तोंडं बघण्यासारखी झाली. एवढे पैसे, एवढी रजा, एवढे नवे बूट. कोणी म्हणालं, वहिनींना खेचरावर बसवून खिंड पार करू, पलीकडे उतारच आहे. कोणी म्हणालं, हवा फक्त आजचा दिवस चांगली आहे.

"ऊपर नहीं ले जा सकते," नेगी म्हणाला. एवढं एक तरी तो नीट बोलला. "एक खच्चर और खच्चरवाला दे सकता हूँ. वो नीचे ले जाएगा, गाँव में दवाखाना है. पर एक खच्चर का सामान यहीं छोड़ना पड़ेगा."

मला वाटलं मिटलं. कशाचं मिटतंय! कोणतं सामान सोडायचं यावर बैठक बसली. तीन खेचरांवर भांडी, राहायचे तंबू आणि पिशव्या होत्या. चौथ्यावर जेवणाचा तंबू, घडीच्या खुर्च्या आणि टॉयलेटचा तंबू.

"खुर्च्या सोडा एक वेळ," निवृत्ती सर म्हणाले, "पण टॉयलेटचा तंबू लागेलच. मला उकिडवं बसता येत नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"आणि लेडीज आहेत ग्रुपमध्ये," खंडेराव म्हणाले. "आडोसा पाहिजेच. आपण काही जंगली नाही."

तंबूच्या दारात सुवर्णा एका पायात बूट घालून बसली होती. तिच्या नाकातून पाणी गळत होतं आणि तिला ते कळत नव्हतं.

"खंडेराव," मी म्हणाले, "बायका दोनच हायेत. दोघी खाली चाललो. आता आडोसा कुनाला पायजे, तुमाला?"

मी चौथ्या खेचराकडे गेले आणि दोरी सोडायला लागले. गाठ खेचरवाल्याची होती, मला सुटेना. तो आला, त्याने एका झटक्यात सोडली. खुर्च्या दगडांवर खडखडत पडल्या.

कुंदन धावत आला. "मावशी, थांब. तू कशाला जातेस? तिला हा माणूस नीट नेईल, रोजचं काम आहे त्याचं. तू वर चल."

"बायकोला परक्या मानसाबरं धाडतो आन् मावशीला सोडत नाय? लय जीव हाय रे माझ्यावर."

"तसं नाही गं. तुझ्याशिवाय..." तो थांबला.

"माझ्याशिवाय काय?"

त्याने काठीवरच्या मोबाईलकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

"पदर कापून देऊ का?" मी म्हणाले. "पदराचाच फोटो काढ."

"मावशी, लोकांसमोर असं बोलू नको."

"मंग तू चल खाली. नवरा हाय ना तिचा?"

"मी लीडर आहे, मावशी. ग्रुपची जबाबदारी आहे माझ्यावर."

खेचरवाल्याने आणि मी सुवर्णाला खेचरावर बसवलं, तिला घोंगडीत गुंडाळून दोरीने सैल बांधलं. निघताना मी एकदाच मागे वळून खिंडीकडे बघितलं. ऊन पडलं होतं तिच्यावर. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि त्या खिंडीखाली माझा भाचा टॉयलेटच्या तंबूची घडी तिसऱ्या खेचरावर बसते का ते बघत होता.

उतारावर खेचर घसरत होतं. मी बाजूने सुवर्णाचा पाय धरून चालत होते. खेचरवाला कमी बोलायचा आणि सारखा बिडी ओढायचा. एका ओढ्यापाशी त्याने तिला पाणी पाजलं. दुपार कलली तेव्हा पहिली झुडपं दिसली. तिथे सुवर्णाने मान वर केली.

"मावशी, कुठे आलो आपण?"

"खाली."

"आणि हे?"

"वर."

तिने वळून वरच्या वाटेकडे बघितलं. मग म्हणाली, "रागावले असतील का हो ते? त्यांचा सगळा प्रोग्राम बिघडवला मी. मला आता बरं वाटतंय, आपण परत जायचं का?"

एवढा राग मला कुंदनचाही आला नव्हता. "गप बैस," मी म्हणाले. "नायतर याच्यावरनं ढकलून दीन."

ती रडायला लागली. मला ते रडणं बरं वाटलं. सकाळी तिला रडताही येत नव्हतं.

गावात पोचलो तेव्हा अंधारलं होतं. दवाखान्यात एक नर्सबाई होती. तिने सुवर्णाला नळी लावून ऑक्सिजन दिला. तो उघडायला पाना लागला नाही. आधी काय काय दिलं होतं, असं तिने विचारलं. मी खंडेरावांच्या गोळ्या, आमसूल, सुंठ, सगळं टेबलावर मांडलं. "और तेल भी लगाया," मी म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली. "एक दिन और ऊपर रहती तो..." एवढंच बोलली आणि कामाला लागली.

तिथे दोन दिवस काढले. सुवर्णा जेवायला लागली, भाताबरोबर राजमा मागून घ्यायला लागली. मग कुंदनचा फोन आला. फोन मी उचलला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"मावशी! केली खिंड पार! काय वारा होता, तुला सांगतो, माणूस उडून जाईल! निवृत्ती सर तर रडलेच वर." बराच वेळ तो वारा, बर्फ आणि सर यांच्याबद्दल बोलला. मग म्हणाला, "ही बरी आहे ना?"

"बरी हाय."

"बघ, मी म्हणत होतो. उगाच घाबरवलंस तू सगळ्यांना. आता असं करा, तिथेच थांबा. आम्ही चार दिवसांनी गाडीने तिकडूनच येऊ. कंपनी सर्टिफिकेट देणार आहे, तुम्हा दोघींनाही. नेगीशी बोललोय मी. आपण सगळ्यांनी एकत्र घेऊ, म्हणजे फोटोत सगळे येतील. तुझं लुगडं स्वच्छ ठेव."

मी सुवर्णाकडे बघितलं. फोन तिच्यासमोर धरला. तिने तो घेतला नाही. हातातला घास खाल्ला, ताट बाजूला सारलं, हात धुतले.

"थांबत नाही म्हणावं," ती मला म्हणाली. फोन चालू होता, त्याला ऐकू गेलंच असणार.

"हॅलो? सुवर्णा? अगं, कुठे जाणार तुम्ही? तुम्हाला हिंदी तरी येते का धड?"

तिने हात पुढे करून फोन बंद केला. मग नर्सबाईला विचारलं, "दीदी, शिमला की बस कब है?"

बस पहाटेची होती. आम्ही थंडीत जाऊन उभ्या राहिलो, बस आली तशा आत चढलो आणि सुवर्णा बाकावर बसली. मी पैसे काढायला कमरेची पिशवी सोडत होते, तोवर कंडक्टर आला.

"कितने लोग?"

"दो," सुवर्णा म्हणाली, आणि खिडकीच्या बाजूला सरकून तिने मला जागा दिली.